लेझर बारकोड स्कॅनर : जोडणी, वापर आणि किनारपट्टीवरील निगा

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील शेतमाल आता केवळ मुंबईच्या घाऊक बाजारावर अवलंबून राहिलेला नाही. हापूस आंब्याच्या पेट्या थेट ग्राहकाच्या घरी जातात. पांढऱ्या कांद्याच्या माळा, कडवे वाल, कोकम आगळ, आमसुले, आंबापोळी, रोठा सुपारी यांची विक्री बागायतदार आणि महिला बचत गट स्वतःच करू लागले आहेत. विक्री थेट झाली की तक्रारही थेट येते. दादरचा ग्राहक कळवतो की डझनभर फळांपैकी चार फळांत साका निघाला. पेटी बदलून देता येते. परंतु ती फळे कोणत्या प्लॉटमधील, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी काढलेली होती, हे सांगता आले नाही तर पुढील हंगामातही त्याच झाडांची फळे तशीच उतरवली जातात आणि तक्रारही तशीच येते.

साका बाहेरून दिसत नाही. फळ जास्त पक्व होऊ दिल्यास, तसेच काढलेले फळ उन्हात तापल्यास त्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच चौदा आणे तयार फळ, नूतन झेल्याने, देठासह, सकाळच्या वेळी काढून लगेच सावलीत आणावे अशी शिफारस केली जाते. ही शिफारस आपल्या बागेत खरोखर पाळली गेली की नाही, हे प्रत्येक क्रेटला क्रमांक असेल आणि त्या क्रमांकाची नोंद असेल तरच कळते. काढणीच्या धांदलीत असे क्रमांक हाताने लिहिणे होत नाही, आणि लिहिले तरी १ आणि ७ यांची गल्लत होते. हातात धरावयाचा लेझर बारकोड स्कॅनर हे काम सोपे करतो. मात्र स्कॅनर फक्त क्रमांक वाचतो. त्या क्रमांकामागे काय लिहिलेले आहे हे बागायतदाराच्या नोंदवहीवर अवलंबून असते. नोंदी ठेवावयाच्या नसतील तर स्कॅनरवर पैसे खर्च करू नयेत.

यंत्र वाचते कसे?

बारकोडचा जन्म समुद्रकाठच्या वाळूत झाला, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना आवडेल. अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी १९४९ साली मायामीच्या किनाऱ्यावर बसून तारायंत्राच्या मोर्स लिपीतील टिंबे व रेघा वाळूत बोटांनी खाली ओढून पाहिल्या आणि त्यातून जाड-बारीक रेषांची कल्पना त्यांना सुचली. वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली तिचे एकस्व मिळाले. दुकानात मात्र पहिली वस्तू अशा रीतीने वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी. ती च्युइंग गमची पुडी होती.

स्कॅनरमध्ये लाल लेझर किरणाचा लहान दिवा आणि वेगाने हलणारा आरसा असतो. आरशामुळे किरणाचा ठिपका सेकंदाला सुमारे शंभर वेळा इकडून तिकडे फिरतो, म्हणून आपल्याला तो लाल रेघेसारखा दिसतो. पांढऱ्या जागेवरून उजेड परत येतो, काळ्या रेषेवरून फारसा येत नाही. परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून रेषांची जाडी आणि जाडीवरून आकडे ठरतात. त्यामुळे लाल रेघ पहिल्या रेषेच्या अलीकडील पांढऱ्या कडेपासून शेवटच्या रेषेच्या पलीकडील पांढऱ्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. रेषा पूर्ण दिसतात पण यंत्र वाचत नाही, अशा तक्रारीत ही पांढरी कडा कापली गेलेली असणे हे एक नेहमीचे कारण असते.

आकडा चुकून भलताच वाचला जाऊ नये म्हणून दुकानातील १३ आकडी बारकोडमध्ये शेवटचा आकडा ताळ्यासाठी असतो. उदाहरणार्थ २०००१२५०००१७ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले तर बेरीज ९ येते. उरलेल्या आकड्यांची बेरीजही ९ येते. तिला ३ ने गुणावे, म्हणजे २७. दोन्ही मिळून ३६. पुढील दशक ४० होण्यास ४ कमी, म्हणून तेरावा आकडा ४. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर हा ताळा जमत नाही आणि यंत्र 'टीं' असा आवाज करीत नाही. आवाज न येणे हा दरवेळी बिघाड नसतो.

खरेदी करताना

लेझर स्कॅनर फक्त उभ्या रेषांचा बारकोड वाचतो. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड त्याला वाचता येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर दाखवलेला बारकोडही बहुधा वाचता येत नाही, कारण पडदा कागदासारखा उजेड परतवीत नाही. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही. दुकानांच्या यंत्रणांनी २०२७ च्या अखेरपर्यंत क्यूआरसारखे चौकोनी कोड वाचण्याची तयारी करावी, असे बारकोड क्रमांक देणाऱ्या जीएस१ या जागतिक संस्थेने ठरविले आहे. म्हणून नव्याने खरेदी करणाऱ्याने थोडे अधिक पैसे घालून दोन्ही प्रकार वाचणारे, कॅमेऱ्यावर चालणारे यंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे. ज्यांच्याकडे लेझर यंत्र आहे किंवा स्वस्तात मिळत आहे त्यांनी ते टाकून देण्याचे कारण नाही. क्रेट आणि पेट्या मोजण्यास, तसेच विक्री केंद्रावर बिल करण्यास ते चोख काम देते, आणि लाल रेघेमुळे नेम धरणे नवख्या माणसालाही सोपे जाते.

तारेचे यंत्र घ्यावे की बिनतारी, हा प्रश्न विचारला जातो. एका टेबलावर काम असेल तर तारेचेच बरे. ते चार्ज करावे लागत नाही आणि माणसांच्या गर्दीत हरवत नाही.

जोडणी

स्कॅनरची यूएसबी तार संगणकाला जोडताच यंत्र आवाज करते आणि दिवा लागतो. बहुतेक यंत्रांना वेगळा प्रोग्रॅम भरावा लागत नाही, कारण संगणक त्यांना कीबोर्डच समजतो. कोणीतरी अतिशय वेगाने आकडे टाइप करावेत, तसे ते काम करते. जोडणी तपासण्यासाठी संगणकावर नोटपॅड उघडावे, त्यात कर्सर ठेवावा आणि घरातील बिस्किटाचा पुडा घेऊन त्याच्या बारकोडवर ट्रिगर दाबावा. तेरा आकडे उमटून कर्सर खालच्या ओळीवर गेला म्हणजे जोडणी बरोबर झाली. ओटीजी तार लावून हे यंत्र अनेक मोबाइल फोनवरही चालते. काही फोनना मात्र त्याला लागणारी वीज पुरवता येत नाही.

आकडे उमटले पण कर्सर त्याच ओळीवर राहिला तर यंत्रात 'एंटर'ची सूचना भरलेली नसते. ती यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतून भरावी लागते. या पुस्तिकेत सूचनाच बारकोडच्या रूपात छापलेल्या असतात. हव्या त्या सूचनेवर लाल रेघ धरली की यंत्र ती लक्षात ठेवते. एका पानावर दहा-बारा सूचना शेजारी शेजारी असल्याने नको ती वाचली जाते. म्हणून आजूबाजूच्या सूचना कोऱ्या कागदाने झाकून घ्याव्यात. काही गोंधळ झालाच तर मूळ स्थितीत आणणारी सूचना पुस्तिकेच्या सुरुवातीलाच असते. तिची आणि 'एंटर'च्या सूचनेची स्वच्छ छायाप्रत काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून टेबलाशी लावावी. कोकणातल्या एका पावसाळ्यात पुस्तिकेला बुरशी लागते आणि मग यंत्र चांगले असूनही अडून बसते.

मराठीतून हिशेब ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असेल तर स्कॅनरने पाठविलेल्या अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे आणि चिन्हे उमटतात. यंत्र बिघडले म्हणून ते परत करण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर आहे का ते पाहावे. कॅप्स लॉक चालू असल्यासही अक्षरे बदलतात. आपल्या क्रमांकात अक्षरे न वापरता केवळ आकडे वापरले तर हा त्रास बराच कमी होतो.

एक्सेलमध्ये तेरा आकडी क्रमांक घेतला तर ८.९०ई+१२ असे काहीतरी दिसते, आणि क्रमांक शून्याने सुरू होत असल्यास ते शून्य गायब होते. यासाठी क्रमांकाचा स्तंभ आधीच 'टेक्स्ट' प्रकारात बदलून घ्यावा. क्रमांक घेतल्यानंतर बदल केल्यास गेलेले शून्य परत येत नाही.

क्रमांक कसा ठरवावा?

स्वतःच्या बागेपुरता आणि पॅकिंग शेडपुरता वापर असेल तर कोणाकडूनही क्रमांक घ्यावा लागत नाही. 'कोड १२८' या प्रकारचा बारकोड निवडावा. या प्रकारात ताळ्याची सोय आतच असते आणि त्यात आकडे जोडीजोडीने बसवता येतात, म्हणून आकड्यांची संख्या सम ठेवल्यास बारकोड आखूड होतो. क्रमांकाची रचना बागायतदाराने स्वतः ठरवावी. उदाहरणार्थ १३०२१८०४२५०७ या क्रमांकात १३ ही बाग, ०२ हा प्लॉट, १८०४२५ म्हणजे १८ एप्रिल २०२५ ही काढणीची तारीख आणि ०७ हा त्या दिवसाचा सातवा क्रेट. बागांना ०१ ऐवजी ११ पासून क्रमांक दिले तर सुरुवातीच्या शून्याची कटकट उरत नाही. फळाचा वाण, भाव, ग्राहकाचे नाव हे सगळे क्रमांकात कोंबण्याचा मोह टाळावा. त्यासाठी नोंदवही आहे.

क्रेट बागेतून शेडमध्ये आला की एकदा, अढी घातली की एकदा आणि फळे पेटीत भरताना एकदा, असा तीनदा क्रमांक वाचावा. पहिल्या वेळी काढणीची वेळ आणि काढणाऱ्या टोळीची नोंद करावी, शेवटच्या वेळी पेटीचा क्रमांक त्यासमोर लिहावा. एका पेटीत दोन क्रेटची फळे भरली तर दोन्ही क्रमांक लिहिलेच पाहिजेत. इथेच सगळे कंटाळतात, आणि इथेच साखळी तुटते. साक्याची तक्रार आली की पेटीवरून क्रेट, क्रेटवरून प्लॉट व वेळ सापडते. दोन हंगामांच्या अशा नोंदी हाती असल्या तर दुपारी उतरवलेल्या किंवा एखाद्या विशिष्ट प्लॉटमधील फळांत दोष अधिक आहे का, हे अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येते.

निर्यातीत याचे मोल अधिक आहे. २०१४ साली फळमाशीच्या प्रादुर्भावामुळे युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्याची आयात बंद केली आणि ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. दोष काही मालात सापडला, बंदी मात्र साऱ्या देशाच्या आंब्यावर आली. निर्यातक्षम आंब्याच्या बागांची नोंदणी अपेडाच्या मँगोनेट प्रणालीत केली जाते, ती मालाचा मागोवा बागेपर्यंत घेता यावा म्हणूनच. ज्या बागायतदाराने आपल्या शेडमध्ये क्रेटचे क्रमांक ठेवले आहेत त्याला ही कागदपत्रे जड जात नाहीत.

लेबल आणि छपाई

स्कॅनर न वाचण्याचा दोष पुष्कळदा यंत्राचा नसून लेबलचा असतो. आपल्या हवामानात तर फारच. लेबल छापण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत उष्णतेने काळा होणारा कागद वापरतात. दुकानाच्या पावतीसारखा हा कागद स्वस्त पडतो, परंतु उन्हात, उष्णतेत आणि तेलाच्या हाताने तो फिका पडतो किंवा काळवंडतो. दुसऱ्या पद्धतीत रिबनवरील शाई कागदावर किंवा प्लॅस्टिकवर उतरते. क्रेट धुतले जातात, शेडमध्ये घामट हवा असते, म्हणून क्रेटसाठी रिबनवर छापलेले प्लॅस्टिकचे लेबलच घ्यावे. आठवड्यात संपणाऱ्या पेटीला कागद चालतो.

रंगाबाबत विशेष लक्ष द्यावे. यंत्राचा किरण लाल असल्याने लाल रंग त्याला पांढऱ्यासारखाच दिसतो. कोकमाच्या बाटलीवर शोभेसाठी पांढऱ्यावर लाल रेषांचा बारकोड छापला तर यंत्राच्या दृष्टीने तो कोरा कागद आहे. उलट लाल, नारिंगी किंवा पिवळ्या रंगावर काळ्या रेषा चांगल्या वाचल्या जातात. हिरव्या, निळ्या किंवा तपकिरी रंगावर काळ्या रेषा छापू नयेत. पारदर्शक बाटलीवर पांढरा थर न देता छापलेल्या रेषांच्या मागे आगळाचा गडद रंग येतो आणि सगळेच काळे होते. लहान गोल बाटलीवर रेषा बाटलीभोवती वळवू नयेत. शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आडव्या याव्यात, म्हणजे लाल रेघ बाटलीच्या सरळ उंचीवरून जाते.

तेरा आकडी बारकोडचा मूळ आकार पांढऱ्या कडांसह सुमारे ३७ मिलिमीटर रुंद व २६ मिलिमीटर उंच असतो. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. जागा कमी म्हणून त्याहून दाबू नये. कमी जागेत उंची थोडी कापली तर निभावते, रुंदी आणि कडा मात्र कापू नयेत. रेषांखाली आकडे छापलेच पाहिजेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर किती गावांत किती दिवस वीज नव्हती, हे येथील वाचकांना सांगावयास नको. वीज नसताना छापील आकडे आणि कागदी वहीच उपयोगी पडते.

पांढऱ्या कांद्याच्या माळेला लेबल चिकटत नाही. जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने माळेच्या वरच्या टोकाला बांधावी. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसे हापूसला ते ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाले. दोन्ही नावांखाली इतर भागांतील माल विकला जातो, आणि बारकोड लावला की हे थांबेल अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. बारकोडची छायाप्रत कोणीही काढू शकतो. एका लॉटच्या दोनशे माळा विकल्या गेल्यावर त्याच लॉटची दोनशे एकावी माळ समोर आली तर ती आपली नाही, एवढे मात्र विक्रीची नोंद ठेवणारा ठामपणे सांगू शकतो.

दुकानात माल द्यावयाचा असल्यास

मोठी दुकाने व ऑनलाइन विक्रेते १३ आकडी क्रमांक मागतात. हा क्रमांक मनाने घेता येत नाही. भारतात तो जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी करून मिळतो आणि त्याची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे माल भारतात पिकला असा अर्थ नाही; क्रमांक भारतातील संस्थेने दिला एवढाच अर्थ आहे. ओळखीच्या कारखानदाराचा क्रमांक उसना घेणे किंवा कोणी स्वस्तात विकतो म्हणून घेणे धोक्याचे आहे, कारण दुकानाच्या यादीत तो क्रमांक दुसऱ्याच मालाच्या नावावर निघतो. २० ते २९ यांनी सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत, म्हणून आपल्याच विक्री केंद्रापुरते ते वापरता येतात. वर ताळ्यासाठी दिलेला क्रमांक त्याच प्रकारचा आहे. अर्धा किलो व एक किलो वालाच्या पाकिटांना वेगवेगळे क्रमांक द्यावे लागतात, हे नोंदणी करण्यापूर्वी मोजून घ्यावे. बंद पाकिटातील खाद्यपदार्थावर लॉट क्रमांक छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार आवश्यक आहे. १३ आकडी बारकोडने ती गरज भागत नाही, कारण त्यात लॉट नसतो.

वापर आणि निगा

यंत्र लेबलपासून साधारण एक वीतभर अंतरावर धरावे आणि किंचित तिरके करावे. अगदी सरळ धरल्यास चकचकीत लेबलवरून उजेड थेट परत येऊन यंत्र दिपते. भर उन्हात लाल रेघ दिसत नाही व वाचनही होत नाही. वाचन शेडच्या सावलीतच करावे. या यंत्रांतील लेझर बहुधा दुसऱ्या वर्गाचा, एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असतो; वर्ग यंत्रावरील पट्टीवर छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. सहज डोळ्यावर पडला तर पापणी मिटते आणि इजा होत नाही, परंतु त्याकडे टक लावून पाहू नये. विक्री केंद्रावर येणारी मुले त्याला खेळणे समजतात, म्हणून काम नसताना यंत्र हाताला न लागेल असे ठेवावे.

पुढील काचेवर खारट हवेचा चिकट थर बसतो आणि वाचनाचे अंतर हळूहळू कमी होत जाते. चष्मा पुसण्याच्या मऊ फडक्याने काच आठवड्यातून एकदा पुसावी. थर निघत नसेल तर फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. काचेवर थेट काहीही ओतू नये, रॉकेल तर मुळीच वापरू नये. शीतगृहातून बाहेर आणलेल्या यंत्राच्या काचेवर बाष्प धरते, ते आपोआप उडेपर्यंत थांबावे. तार यंत्राभोवती घट्ट गुंडाळली की मुळाशी तुटते, सैल वेटोळे करून ठेवावी. हंगाम संपल्यावर, जूनच्या पहिल्या पावसापूर्वी, यंत्र कोरडे पुसून सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून नोटपॅडवर चाचणी घ्यावी आणि यूएसबी टोकावर हिरवट गंज दिसल्यास तो अल्कोहोल लावलेल्या फडक्याने काढून टाकावा.